३० एप्रिल २०२०: सकाळी ऋषी कपूर गेले, संध्याकाळी चुनी गोस्वामी

बाकावरचा

बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, आज लिहितोच.

लॉकडाऊनचा पहिला टप्पा आठवा. २९ एप्रिलला इरफान गेला, ३०च्या सकाळी ऋषी कपूर. दोन दिवस टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. त्याबद्दल तक्रार नाही, दोघंही त्या तोलाचेच होते. पण त्याच ३० तारखेला संध्याकाळी कोलकात्यात चुनी गोस्वामी हृदयविकाराने गेले. आमच्या घरातल्या चॅनेलवर खालच्या सरकत्या पट्टीत एक ओळ आली. तीही बाजारभाव आणि रुग्णसंख्या यांच्या मध्ये.

नाव नवीन असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताने फुटबॉलचं सुवर्ण जिंकलं, त्या संघाचे हे कर्णधार. क्लब एकच, मोहन बागान, १९५४ ते १९६८. आंतरराष्ट्रीय फुटबॉल वयाच्या सत्ताविशीत सोडलं आणि क्रिकेटमध्ये घुसले. १९६६ साली इंदूरला सोबर्सच्या वेस्ट इंडीजला मध्य आणि पूर्व विभागाच्या एकत्र संघाने डावाने हरवलं, त्यात यांच्या आठ विकेट्स. १९६८-६९च्या रणजी अंतिम सामन्यात ब्रेबॉर्नवर मुंबईविरुद्ध ९६ आणि ८४! तरी करंडक पहिल्या डावाच्या आघाडीवर मुंबईनेच ठेवून घेतला. १९७१-७२ला बंगालचे कर्णधार म्हणून पुन्हा अंतिम सामन्यात आले. मैदान तेच, निकालही तोच. मधल्या काळात एका बंगाली सिनेमातही काम करून झालं होतं. एवढं सगळं एका माणसाच्या नावावर, आणि आपल्याकडे त्याला एक ओळ.

त्याआधी २० मार्चला, जनता कर्फ्यूच्या दोन दिवस आधी, पीके बॅनर्जी गेले होते. मग रांगच लागली. मे २०२१ला फोर्तुनातो फ्रँको, ऑगस्ट २०२१ला दोन दिवसांच्या अंतराने एस. एस. हकीम आणि ओ. चंद्रशेखर, फेब्रुवारी २०२३ला तुळसीदास बलराम. हकीम सोडले तर बाकी सगळे जकार्ताच्या त्या अंतिम सामन्यात खेळलेले.

नट गेला की रात्री त्याचा सिनेमा लावतात. ऋषी कपूर गेले त्या रात्री आम्ही सगळे बसून त्यांचा सिनेमाच पाहिला, मुलीने त्यांना पहिल्यांदा धड पाहिलं ते त्या दिवशी. चुनीदा गेल्यावर काय लावणार? त्यांचा एखादा अख्खा सामना पाहायला मिळावा म्हणून मी खूप शोधलं. हाती काहीही लागलं नाही. या माणसांबद्दल जे काही ऐकलं, वाचलं, क्वचित कुणी प्रत्यक्ष पाहिलं असेल ते इथे लिहा. गेल्या पाच-सहा वर्षांत गेलेल्या इतर खेळाडू-कलावंतांबद्दलही चालेल. फक्त नुसतं 'भावपूर्ण श्रद्धांजली' नको.

कूपरेजचा_कठडा

भावपूर्ण... नाही लिहीत, बरं.

मी पाहिलंय. चुनीला नव्हे, फ्रँकोला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला वडील आम्हाला मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप बघायला न्यायचे. लाकडी फळ्यांची गॅलरी. गोल झाला की सगळे एकदम उठायचे आणि खालून फळ्यांचा असा काही आवाज यायचा की लहान पोरं रडायला लागत. पायांमधून शेंगांची टरफलं खाली पडायची आणि खाली उभ्या माणसांच्या डोक्यात जायची. त्यावरून शिवीगाळ ठरलेली.

फ्रँको टाटांचा. हाफबॅक. या जागेवरच्या माणसाचं काम म्हणजे समोरच्याच्या पायातला चेंडू काढायचा आणि पुढच्यांना नेऊन द्यायचा. दुसऱ्या दिवशी पेपरात पुढच्यांचं नाव. वडील मात्र सांगायचे, गोल करणाऱ्याला जरा वेळ सोड आणि चेंडू कुठून निघाला ते बघ. तेव्हापासून मला ती खोडच लागली. आजही टीव्हीवर मॅच बघताना मी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर काय चाललंय याचाच विचार करतो, आणि ते दिसत नाही म्हणून चिडतो.

सिनेमावाल्यांचं म्हणाल तर फुटबॉल आणि सिनेमा मुंबईत इतके लांब नव्हते. प्राणसाहेबांचा स्वतःचा फुटबॉल क्लब होता, बॉम्बे डायनामोज. दिलीपकुमार (गेले ७ जुलै २०२१ला) तरुणपणी फुटबॉलवेडे, खालसा कॉलेजात असताना खेळायचे. आणि ऋषी कपूरांचा मुलगा मुंबई सिटी एफसीचा सहमालक आहेच. म्हणजे धाग्याच्या शीर्षकातले दोघं अगदीच परके नाहीत.

हाजरा_रोडवरून

बाकावरचे, एक सांगू का, राग मानू नका. 'आपल्याकडे एक ओळ' हे खरं, पण ते 'आपल्याकडे'. मी लग्नानंतर कोलकात्यात आले, महाराष्ट्र निवासापासून चालत दहा मिनिटांवर राहते. इथे चुनीदा गेले तेव्हा सासरे दोन दिवस धड जेवले नाहीत. बाहेर पडायला बंदी, अंत्यदर्शन नाही, मग बाल्कनीतून समोरच्या बाल्कनीतल्या मित्राशी ओरडून बोलणं. दोघंही कट्टर, एक ईस्ट बंगालचा आणि एक मोहन बागानचा. सासरे ईस्ट बंगालचे, म्हणजे चुनीदा त्यांच्यासाठी शत्रुपक्षाचे! तरी डोळे पुसत होते. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, 'ह्यांनी आयुष्यभर त्याला शिव्या घातल्या, म्हणून आता रडू येतंय.'

पेपरातही पहिलं पान त्यांचंच. ऋषी कपूर होते, पण बाजूला.

फेब्रुवारी २०२२ तर विसरणं शक्य नाही. २ तारखेला रमेश देव गेले, मी इथे एकटीच रडले, कारण घरात कुणाला ते माहीत नाहीत. ६ला लतादीदी, तेव्हा अख्खं घर. १५ला संध्या मुखर्जी आणि त्याच रात्री बप्पी लाहिरी. संध्यादींनी महिनाही झाला नव्हता पद्मश्री नाकारून. आणि १७ला सुरजित सेनगुप्ता, कोविडने. हे शेवटचं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं. सासऱ्यांनी सांगितलं, ३० सप्टेंबर १९७५, आयएफए शील्डचा अंतिम सामना, ईस्ट बंगाल ५, मोहन बागान ०. पाचातला पहिला गोल सुरजितचा. त्या दिवशी मोहन बागानच्या माणसांची काय अवस्था झाली असेल ते विचारू नका, समोरच्या बाल्कनीतले काका आजही त्या तारखेला फोन उचलत नाहीत.

तेव्हा, कुठे आठवण काढतात आणि कुठे नाही, एवढाच फरक आहे.

बाकावरचा

@हाजरा_रोडवरून, राग कसला ताई. उलट बाल्कनीवाला प्रसंग वाचून बरं वाटलं. पण तुमचे सासरे गेल्यावर (शंभर वर्षं जगोत) घरातल्या नातवाला सुरजितचा तो गोल कोण दाखवणार? तो सांगण्यातच राहणार. रमेश देव मात्र तुमच्या घरच्या बंगाली मंडळींनाही आज संध्याकाळी दाखवता येतील. माझं म्हणणं एवढंच होतं.

हाजरा_रोडवरून

हे मान्य. दाखवलेच पाहिजेत खरं तर.

सुलतानबझार

हैदराबादहून. आमच्या शहराशिवाय हा धागा अपुरा राहील म्हणून लिहितो.

जकार्ताच्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, म्हणजे रहीमसाब, आमचे. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वेळा रोव्हर्स कप मुंबईतून उचलून आणला. कूपरेजवाल्या काकांच्या वडिलांनी तेही पाहिलं असेल. जकार्ताला गेले तेव्हा रहीमसाबना कर्करोग होता. पुढच्याच वर्षी, जून १९६३ला गेले. वर उल्लेख आलेले हकीम हे त्यांचे चिरंजीव. १९६०च्या रोम ऑलिंपिकच्या चमूत होते पण एकही सामना खेळायला मिळाला नाही, बाप प्रशिक्षक असून. हे आजच्या काळात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. पुढे हवाई दलात स्क्वॉड्रन लीडर झाले आणि फिफाचे पंचही.

बलराम सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडाचे. रोममध्ये भारताने तीन सामन्यांत तीन गोल केले, त्यातले दोन यांचे: हंगेरी आणि पेरूविरुद्ध. तिसरा पीकेंचा, फ्रान्सविरुद्ध, आणि तो सामना बरोबरीत सुटला. बलराम आजारपणामुळे १९६३लाच थांबले. पुढचं आयुष्य बंगालमध्ये हुगळीकाठी उत्तरपाड्याला, एकटे. पीके आणि चुनीदांना पद्मश्री मिळाली, यांना नाही. तिघांचं नाव एका दमात घ्यायची पद्धत आहे, पीके-चुनी-बलराम, पण सरकारदरबारी तिसऱ्या नावापर्यंत कुणी पोचलं नाही.

आणि आमचेच फुटबॉलपटू महंमद हबीब. 'बडे मियाँ'. १५ ऑगस्ट २०२३ला गेले, शहरात सगळीकडे झेंडे लावलेले असताना.

चौकसबुद्धी

थोडं थंड पाणी ओततो, माफ करा.

१९६२च्या सुवर्णाचं कौतुक करताना हेही सांगा की त्या स्पर्धेत इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना इंडोनेशियाने येऊच दिलं नव्हतं. १९५४ आणि १९५८ची फुटबॉलची सुवर्णपदकं तैवानच्या संघाची होती. म्हणजे गतविजेताच बाहेर. १९५६च्या मेलबर्नमधला चौथा क्रमांकही असाच, पहिल्या फेरीत हंगेरी आलीच नाही आणि आपल्याला पुढे चाल मिळाली. सुवर्णयुग वगैरे ठीक, पण जरा बेताने.

कूपरेजचा_कठडा

चौकसबुद्धी, तुमची माहिती बरोबर. पण पुढची अर्धी कोण सांगणार?

मेलबर्नला पुढे चाल मिळाल्यावर समोर यजमान ऑस्ट्रेलिया होती आणि ती ४-२ने हरली, नेव्हिल डिसूझाची हॅटट्रिक. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. मूळ गोव्याचा, खेळायचा आपल्या मुंबईत. जकार्ताला अंतिम फेरीत समोर दक्षिण कोरिया, म्हणजे १९५६ आणि १९६० असे दोन्ही आशिया चषक जिंकलेला संघ. गटात त्यांनीच आपल्याला २-०ने धुतलं होतं.

आणि तुम्ही म्हणता त्या इस्रायल-तैवान प्रकरणाचीच किंमत आपल्या पोरांनी मोजली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवरचे आपले सदस्य सोंधी त्यावरून बोलले म्हणून जकार्तात भारताविरुद्ध वातावरण पेटलं. ४ सप्टेंबर १९६२, सेनायन स्टेडियम, लाखभर माणूस, आणि आपलं राष्ट्रगीत सुरू झालं तर हुर्यो. गोलकीपर थंगराज तापाने फणफणलेला. जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके. तो खरा बचावपटू, पण रहीमसाबनी त्याला पुढे सेंटर फॉरवर्डला घातला. १७व्या मिनिटाला पीकेंचा गोल, २०व्या मिनिटाला टाके घातलेल्या जर्नेलचा. २-१. त्या गर्दीत आपल्या बाजूने ओरडणारे होते कोण, तर पाकिस्तानचा हॉकी संघ, असं सांगतात.

उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध ३-२, त्यात चुनीचे दोन. कर्णधार म्हणून नाणं उडवायला गेला आणि आला असं नव्हतं ते.

चौकसबुद्धी

ठीक आहे, मान्य. बेताने मान्य.

साष्टीकार

फ्रँकोबाबांवर दोन शब्द आमच्याकडून.

ते कोलवाळचे, बार्देशातले. लहानपणीच मुंबईला गेले. आता वर्षं नीट बघा. १९६०ला ते भारताच्या ऑलिंपिक चमूत होते. गोवा मुक्त झाला डिसेंबर १९६१ला. म्हणजे ज्याचं जन्मगाव अजून पोर्तुगिजांच्या ताब्यात आहे असा माणूस भारताची जर्सी घेऊन रोमला गेलेला! आणि मुक्तीनंतर नऊ महिन्यांच्या आत त्याच्या गळ्यात आशियाई सुवर्ण. ह्यावर आमच्या शाळेत कुणी एक अक्षर शिकवलं नाही. आम्हाला फुटबॉल म्हणजे साळगावकर, धेंपे, चर्चिल, आणि त्याआधी जणू काही नव्हतंच.

ते गेले १० मे २०२१ला, कोविडनंतर. तेव्हा गोव्यात काय दिवस होते ते इथल्यांना माहीत आहे, ऑक्सिजनची बोंब चालू होती, प्रत्येक वाड्यावर कोणी ना कोणी. आदल्या सप्टेंबरात आशालताबाई वाबगावकर साताऱ्याला शूटिंग करताना आजारी पडून गेल्या होत्या, त्याही कोविडनेच, मूळच्या गोव्याच्याच. त्यांच्या वेळी निदान लोकांनी जुने फोटो शेअर केले, गाणी लावली. फ्रँकोंच्या वेळी आमच्या गल्लीतल्या फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना विचारलं, 'कोण रे?' एकाने उत्तर दिलं, 'ब्राझीलचो?' हसावं की रडावं.

जाता जाता: सुभाष भौमिक. २२ जानेवारी २०२२. त्यांना सगळे ईस्ट बंगालचे म्हणतात, आणि २००३ला त्यांनी ईस्ट बंगालला आसियान क्लब स्पर्धा जिंकून दिली ती जकार्तातच. पण २०१२-१३ची आय-लीग आमच्या चर्चिल ब्रदर्सने जिंकली तेव्हा तांत्रिक संचालक तेच होते. मी फातोर्ड्यावर त्यांना लांबून पाहिलंय, धिप्पाड माणूस, बाकावर बसला की बाकावर दुसऱ्याला जागा नाही.

पेठकर

ए भावांनो, फुटबॉल आणि सिनेमा दोन्ही एका गावात बघायचं असलं तर कोल्हापूरला या की! बंगाल-गोवा चाललंय आणि आमचं नावच नाही.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की पेठेत दुकानं अर्धी बंद. खंडोबा, शिवाजी, बालगोपाल, प्रॅक्टिस, प्रत्येकाची तालीम, प्रत्येकाचा रंग. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल संघ काढले असं दुसरं गाव दाखवा. वर्ल्डकपला तर अर्धी पेठ ब्राझील, अर्धी अर्जेंटिना, भावकीत बोलणं बंद. आणि याच गावात रमेश देव जन्मले. त्यांचं नाव वर आलं म्हणून ऊर भरून आला.

२५ नोव्हेंबर २०२०ला मॅराडोना गेला. रात्री बातमी आली. आमच्या गल्लीत एक दादा आहे, साठीचा. १९८६ला पोरगा होता, शेजारच्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर दूरदर्शनने दाखवलेला इंग्लंडविरुद्धचा सामना बघितलेला. गेली तीस-पस्तीस वर्षं तो गोल पायाने करून दाखवतो. कुणी पाहुणा आला, लग्नाचं जेवण झालं, काही निमित्त लागत नाही. चप्पल काढायची, दोन चपला म्हणजे दोन इंग्लिश प्लेअर, त्यांच्यामधून वळायचं, शेवटी पिंपाला गोल मारायचा. मॅराडोना गेला त्या रात्री हा गल्लीत उतरला. आम्ही चार-पाच पोरं तोंडाला मास्क लावून उभी. त्यानं सगळं केलं, पिंपापर्यंत गेला, आणि मारलाच नाही. म्हणला, 'गुडघा दुखतोय.' दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सगळ्यांदेखत मारला, पिंपाला पोचा आला, त्याच्या बायकोनं आमच्यासमोर त्याला झापला.

चुनी गोस्वामींचं मला खरंच माहीत नव्हतं. कप्तान होता आणि वर रणजीच्या फायनलला ९६ मारतोय, हे म्हणजे नाद खुळा.

नवखा_१०

इथे सगळे काका-मामा दिसतायत, तरी धाडस करतो.

माझ्या वयाच्या लोकांसाठी असा दिवस म्हणजे ३ जुलै २०२५. दिओगो जोटा. अठ्ठावीस वर्षांचा. लग्नाला दोन आठवडेही झाले नव्हते, स्पेनमध्ये गाडीचा अपघात, सोबत धाकटा भाऊ आंद्रे सिल्वा, तोही फुटबॉलपटूच. लिव्हरपूलने २० नंबरची जर्सी कायमची बंद केली. मी मेसच्या रांगेत होतो, फोनवर बातमी वाचली, आणि मागच्याने ढकललं तरी पुढे सरकलो नाही. पोळी तव्यावर करपत होती, वाढणारी मावशी ओरडत होती.

त्याच वर्षी ३१ ऑगस्टला प्रिया मराठे गेली, तीही अवघी अडतीस. आई तिची मालिका बघायची, मी टर उडवायचो.

@बाकावरचा काका, तुमचा मुद्दा समजतो. पण आमच्याकडे उलटं झालंय. जोटाचा प्रत्येक गोल माझ्या फोनमध्ये आहे. त्याच्या बातमीनंतर आठवडाभर ॲप उघडलं की तोच, नाचतोय, उडी मारतोय, खाली हजारो कमेंट. शेवटी मी म्यूट केलं. सासरेबुवांनी बाल्कनीतून ओरडून सांगितलेला सुरजितचा गोल मला तरी जास्त नीट दिसला. (ताई, मी कोलकात्याला आलो तर भेटता येईल का त्यांना?)

हाजरा_रोडवरून

ये की रे. पण त्यांच्यासमोर मोहन बागानचं नाव काढू नकोस, किंवा काढच, मग तीन तास निश्चिंती.

चौकसबुद्धी

एक गोष्ट कुणीच बोललं नाही याचं नवल वाटतंय. या सगळ्या माणसांवर सिनेमा निघाला ना? 'मैदान'. अजय देवगण रहीमसाबांच्या भूमिकेत.

आता तारखा लावा. शूटिंग २०१९ला सुरू. आधी २०२०च्या अखेरीस येणार होता. कोविडने अडकला. मे २०२१मध्ये तौक्ते वादळात मुंबईतला त्याचा सेट मोडला. म्हणजे फ्रँको गेले १० तारखेला आणि पुढच्याच आठवड्यात त्यांचं पडद्यावरचं मैदानही गेलं. सिनेमा थिएटरात लागला एप्रिल २०२४ला. तोवर पीके नाहीत, चुनी नाहीत, फ्रँको नाहीत, चंद्रशेखर नाहीत, हकीम नाहीत. आणि बलराम जेमतेम चौदा महिन्यांनी हुकले.

बाकावरचे विचारतात ना, चुनी गोस्वामींच्या वेळी टीव्हीवर काय लावणार? आता लावायला हे आहे. चुनी दिसतो, पण तो चुनी नाही, त्याची भूमिका करणारा नट आहे. मला हे फार विचित्र वाटतं. आणखी वीस वर्षांनी लोकांना आठवेल तो चेहरा नटाचाच असेल.

बाकावरचा

हे वाचून पाच मिनिटं तसाच बसलो.

सुलतानबझार

चौकसबुद्धींचं खरं, पण मी तो सिनेमा इथे पाहिला तेव्हा थिएटरात मागच्या रांगेत दोन म्हातारे होते, एकमेकांना प्रत्येक सीनला दुरुस्त करत होते. 'असं नव्हतं झालं', 'हा इथे उभा नव्हता'. लोक शू शू करत होते. मी मात्र सिनेमा सोडून त्यांचंच ऐकत बसलो. मध्यंतरात समोसे नेऊन दिले, म्हटलं, 'चाचा, जोरात बोला.'

कूपरेजचा_कठडा

चंद्रशेखरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. ओ. चंद्रशेखर, केरळातल्या इरिंजालकुड्याचे, पण मुंबईत कॅल्टेक्सकडून खेळले. १९६३च्या संतोष करंडकात महाराष्ट्र विजेता झाला त्याचे कर्णधार हेच. म्हणजे ऑगस्ट २०२१ला कोचीत महाराष्ट्राचा एक विजेता कर्णधार गेला आणि आम्हाला पत्ता नाही. इथे बंगालला नावं ठेवण्यात अर्थ नाही, त्यांनी आपल्या माणसाला पहिलं पान दिलं. आपण आपल्याला काय दिलं?

वसंतकुंज

दिल्लीवरून आणखी एक नाव: नोव्ही कपाडिया, १८ नोव्हेंबर २०२१. खेळाडू नव्हेत आणि तसे कलाकारही नव्हेत. इथल्या, दिल्लीच्या खालसा कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि फुटबॉलचं समालोचन करायचे. वर जे जे किस्से आले, रोव्हर्स कप, हैदराबाद पोलीस, जकार्ता, त्यातले निम्मे आपल्यापर्यंत पोचले ते या माणसाने लिहून आणि बोलून ठेवले म्हणून. अखेरच्या काळात आजाराने हातपाय चालेनात, पण फोनवर विचारलं तर १९५०च्या सामन्याचा संघ तोंडपाठ सांगायचे असं त्यांच्या ओळखीतले सांगतात. माझा एक सहकारी त्यांचा विद्यार्थी. तो म्हणायचा, तासाला शेक्सपिअर सुरू व्हायचा आणि घंटा होईपर्यंत ड्युरँड कपवर पोचलेला असायचा.

साष्टीकार

पेलेंना विसरू नका रे. २९ डिसेंबर २०२२. २४ सप्टेंबर १९७७ला न्यूयॉर्कच्या कॉसमॉस क्लबकडून ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्ध खेळले, चिखलात, २-२. बागानचे प्रशिक्षक पीके. पेलेंच्या मागे लावला होता गौतम सरकारला. आणि बागानच्या दोन गोलांपैकी एक सुलतानबझारांच्या बडे मियाँचा, दुसरा श्याम थापाचा. पीके सामन्याआधी खेळाडूंना जे बोलायचे त्याला बंगालात 'व्होकल टॉनिक' म्हणत. त्या दिवशी डोस जरा जास्त झाला असावा.

हाजरा_रोडवरून

सासऱ्यांना आत्ता हे वाचून दाखवलं. म्हणाले, चिखल होता म्हणून पेले थांबला, नाहीतर बागानची काय टाप. मी होते ईडनवर, असंही म्हणाले. सासूबाई आतून ओरडल्या, 'खोटं बोलतोय, तिकीट मिळालं नव्हतं, रेडिओवर ऐकलं!'

पेठकर

ताई, सासूबाईंना इथं खातं काढून द्या.

@नवखा_१०, कोलकात्याला जायच्या आधी कोल्हापूरला ये. सीझन चालू असताना ये, उन्हाळ्याआधी. दादा पिंप नवीन आणलाय.